कोकणातला बिबट्या: पकडून न्यायचा तो कुठे?

कातळकर:
मंडळी, आमच्या ग्रामसभेत परत तोच ठराव झाला. ‘वनखात्याने तातडीने पिंजरा लावून बिबट्या जेरबंद करावा व जंगलात सोडावा.’ विरोधात मी एकटाच बोललो. सरपंच म्हणाले, मग तुमच्याच बागेत सोडूया. सगळे हसले, विषय संपला. घरच्यांनी माझं ऐकणं केव्हाच सोडलंय, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

मला एवढंच विचारायचंय की ‘जंगलात’ म्हणजे कुठे? रायगडात फणसाड आहे, कर्नाळा आहे. कोयना-चांदोलीचा व्याघ्र प्रकल्प वर सह्याद्रीच्या माथ्यावर. तिथून खाली उतरलात की पार समुद्रापर्यंत जे काही रान दिसतं ते बहुतेक कोणाच्या ना कोणाच्या सातबाऱ्यावर आहे. रत्नागिरी जिल्ह्यात तर वनखात्याची स्वतःची जमीन नावापुरती. बाकी वरकस जमिनी, कातळाचे सडे, काजू-कलमांच्या बागा, मुंबईतल्या वारसांच्या भांडणात पडीक राहिलेले तुकडे, मध्येच एखादी देवराई. बिबट्याची मादी पिल्लं घालते ती ह्याच पडीक तुकड्यांत, कुठल्या तरी घळीत नाहीतर बंद पडलेल्या चिरेखाणीत. तो आपल्याकडे जंगलातून ‘आलेला’ नाही, इथलाच आहे.

आणि कायदा अभयारण्याच्या हद्दीपाशी संपत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बिबट्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या, अनुसूचीत आहे, तो ताडोबात असो की तुमच्या मांगराच्या मागे. नुसता दिसला म्हणून त्याला पकडता येत नाही. माणसाच्या जिवाला धोका झालाय असं मुख्य वन्यजीव रक्षकांना पटलं तर त्यांनी लेखी परवानगी द्यायची असते.

आता पकडून सोडल्यावर काय होतं ते जुन्नरने दाखवलंय. २००१ पासून तिथे धडाधड पिंजरे लागले आणि पकडलेले बिबटे जवळच्या घाटातल्या जंगलांत सोडले. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी त्याचा हिशेब मांडला. त्याआधी माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते, ते २००१ ते २००३ मध्ये १७ वर गेले. अनोळखी मुलखात टाकलेलं जनावर घराकडे चालू लागतं, वाटेत ना पाणी माहीत ना लपण. इकडे रिकामी झालेली जागा दुसरा बिबट्या येऊन धरतो. त्यानंतर केंद्राने २०११ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. ऊठसूट पकडू नका, दूर नेऊन सोडू नका, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. आमचा ठराव त्यानंतरही दरवर्षी होतोच.

तुमच्याकडे काय चाललंय, लिहा.

चाकरमानी_डोंबिवली:
लेख छान, पण गणपतीत गावी आलो की माझी बायको सहा वर्षांच्या मुलाला सातनंतर पडवीतसुद्धा सोडत नाही. आमच्या लहानपणी आम्ही रात्री बॅटरी घेऊन दशावतार बघायला चार वाड्या ओलांडून जायचो, वाघाचं नाव नव्हतं. बिबटे वाढलेत हे तरी मान्य कराल?

कातळकर:
वाढलेत की नाही हे छातीठोक सांगता येणार नाही, कारण आपल्याकडचे कोणी मोजलेलेच नाहीत. २०२४ मध्ये आलेला देशाचा अहवाल १३,८७४ बिबटे सांगतो, त्यात महाराष्ट्रात १,९८५. पण ती मोजणी मुख्यतः जंगलातली. काजूच्या बागेत कोण कॅमेरा लावतो?

बदललंय ते गाव. तुमच्या लहानपणी घरटी चार गुरं, त्यांच्यामागे गुराखी, शेतं लावलेली, रान साफ. आता निम्मी घरं कुलूपबंद, अंगणापर्यंत रान. रानात डुकरं माजली आणि वाडीत कुत्री. त्याला लपायला जागा आणि खायला ताट दोन्ही आपणच वाढून ठेवलंय. मुलाला सातनंतर एकटं न सोडणं मात्र बरोबरच आहे, त्यात भित्रेपणा नाही.

बाबल्या:
कातळकरानू, तुमचा लिवलेला वाचलंय. सगळा बरोबर आसात. पण माझे दोन शेळये आणि एक पाट गेली ती खंयच्या अहवालात येतत ता सांगा. गोठ्याक दार होता, कडी होती. तो वरसून इलो. कौलां सरकवल्यान आणि आत उतारलो. सकाळी आवस दार उघडूक गेली तर खाली सगळा रगात. फॉरेस्टवाले इले, फोटो काढल्यानी, कागद केल्यानी. पैशे गावले, नाय म्हणनय नाय, पण तवसर दुसरो पावस इलो. कुत्र्यांचा तर इचारूच नकात. वाघ्या गेलो, मगे मोत्या गेलो. वाघ्याक वाघान नेल्यान म्हणान लोक हसतत, माका हसूक येना नाय. मुंबयत बसान वाघ वाचवा म्हणाक काय जाता?

कातळकर:
बाबल्या, मी मुंबईत नाही, तुमच्यासारखाच गावात आहे, आणि माझाही कुत्रा गेलाय. तुमचा राग रास्त आहे. पण तोच बिबट्या उद्या नेला तर पुढच्या मिरगाला दुसरा त्याच कौलांवर चढेल, कारण कौलं तशीच आहेत.

शेवंता:
पैसे उशिरा मिळण्याबद्दल थोडं लिहिते. आमच्या वाडीतल्या तिघा-चौघांचे कागद मीच केलेत.

मेलेलं जनावर हलवायचं नाही. बायका सवयीने शेण-रक्त धुऊन गोठा साफ करतात, शेळी पुरून टाकतात, आणि मग पंचनाम्याला आलेला माणूस म्हणतो, पुरावा कुठाय? फोन करून खबर दिली तरी लेखी अर्ज ४८ तासांच्या आत द्या आणि पोच घ्या. वनखात्याची हेल्पलाइन १९२६ आहे. पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला लागतो, बँकेच्या पासबुकाची प्रत लागते. शेळी-मेंढीला बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा १५,००० रुपये, यातलं जे कमी ते मिळतं. गाय, बैल, म्हैस असेल तर हीच मर्यादा ७०,००० ची. माणूस दगावला तर वारसांना २५ लाख. भरपाई वेळेत देण्यासाठी राज्याने २०२३ मध्ये वेगळा कायदासुद्धा केलाय. कायदा झाला तरी आमच्याकडच्या एका फाइलला सही मिळायला चार चकरा झाल्या, हेही खरं.

मला वाटतं, सगळ्या ‘संवर्धना’ची किल्ली इथे आहे. ज्या बाईची शेळी गेली तिला पंधरा दिवसांत पैसे मिळाले तर ती पिंजरा मागायला ग्रामसभेत येणार नाही. तिची शेळी म्हणजे मुलीची वर्षाची फी असते. तिला अहवाल नका दाखवू.

तटस्थ:
मला यात शहरी प्राणीप्रेमाचा वास येतोच. ‘माणसाने जुळवून घ्यावं’ हे नेहमी गरिबालाच सांगितलं जातं. बिल्डर डोंगर कापतो त्याला कोण सांगतं? आणि शेतात राहणारा बिबट्या ‘नैसर्गिक’ कसा? भक्ष्य संपलं म्हणून बाहेर पडलेलं जनावर आहे ते. त्याला परत जंगल मिळवून द्या.

कातळकर:
बिल्डरबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. त्यात ठेकेदार पण घाला. खाजगी रान एकगठ्ठा विकत घेऊन ट्रकच्या ट्रक लाकूड उतरवतात, त्यावर ग्रामसभेत कधी ठराव झालेला मी पाहिला नाही.

पण ‘भक्ष्य संपलं म्हणून बाहेर पडला’ हे पटत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, म्हणजे ऊस-भाजीपाल्याच्या बागायती पट्ट्यात, जिथे अभयारण्य नाही आणि माणसांची दाट वस्ती आहे, तिथे कॅमेरे लावून १०० चौरस किलोमीटरला जवळपास ५ बिबटे निघाले. त्यांची विष्ठा तपासली तर खाण्यातला ८७ टक्के भाग पाळीव प्राण्यांचा, आणि त्यात सगळ्यात जास्त, ३९ टक्के, कुत्री. शेळ्या ११ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे शेळ्यांच्या गावात राहून तो पोट भरतोय मुख्यतः कुत्र्यांवर. गळ्यात जीपीएस पट्टा घातलेले बिबटे दिवसा पिकात नाहीतर झुडपात झोपून असत आणि रात्री माणसं झोपली की घरांच्या आसपास हिंडत. तिथलेच असलेल्यांचा पूर्ण मुलूख ८ ते १५ चौरस किलोमीटर. एवढ्यात आपली दोन-तीन गावं मावतात. लोकांना पत्ताही नव्हता.

त्यावरून आठवला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढून, पट्टा घालून माळशेज घाटात सोडलेला नर. शंभरावर किलोमीटर चालत, रेल्वे-हायवे ओलांडत, वसईची खाडी पोहून तो मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाकडे पोचला. सगळ्या वाटेत एका माणसाला ओरखडा नाही. पुढे २०११ मध्ये घोडबंदरजवळ रस्त्यावर गाडीखाली मेला.

तटस्थ:
आकडे अकोल्याचे, धागा कोकणाचा. आमच्याकडे ऊस नाही.

कातळकर:
ऊस नाही, पण करवंदीची जाळी आहे, बांबू आहे, ओसाड बागा आहेत. कुत्री तर सगळीकडे तीच. चिकन सेंटरवाले पिसं-आतडी पोत्यात भरून रात्री वळणावर टाकतात, मच्छीची घाण टाकतात. त्या वळणावर आधी कुत्र्यांची टोळी जमते, आणि कुत्र्यांच्या मागे कोण येतं हे सांगायला संशोधक नको.

गोठ्यातला_डॉक्टर:
मी पशुवैद्यक. कोकणात बिबटे गोळीने नाही, फासकीने आणि विहिरीने मरतात. फासकीबद्दल जरा सविस्तर, कारण ‘आम्ही डुकरासाठी लावली होती’ हे प्रत्येक वेळी ऐकायला मिळतं.

मोटरसायकलची जुनी क्लचवायर घेतात. बागेच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, जिथे खिंडार पडलंय, डुकरांची ये-जा आहे, तिथे जमिनीपासून वीत-दीड वीत वर तिचा सरकफास लटकवतात, दुसरं टोक बुंध्याला नाहीतर खुंटाला. डुक्कर मानेत सापडतो. बिबट्या लवचिक, त्याचं डोकं आणि पुढचे पाय निघून जातात आणि तार कमरेत बसते. मग जितका ओढ घेईल तितकी ती रुतते. आपण पोचतो तेव्हा भोवतालची माती सगळी खरवडलेली असते, बुंध्याची साल गेलेली, त्याचे दात-नखं तुटलेली. बाहेरून कधी कधी जखम दिसतसुद्धा नाही, नुसता केसांतून गेलेला वळ. आत मात्र आतडी, मूत्रपिंडं दाबली गेलेली. ‘सोडला, पळाला, बरं झालं’ म्हणून टाळ्या वाजतात आणि तो दोन-चार दिवसांनी पऱ्यात (ओढ्यात) मरून पडतो. म्हणून फासकीतून काढलेलं जनावर लगेच सोडायची घाई करू नये, देखरेखीखाली ठेवावं लागतं.

दुसरा त्रास गर्दीचा. भुलीचं इंजेक्शन मारायचं तर जनावर शांत पाहिजे. तीनशे माणसं, मोबाइल, आरडाओरडा. बिथरलेल्या जनावराला नेहमीचा डोस चढत नाही. परत मारावा तर जास्त व्हायची भीती. तेवढ्यात तार तुटली तर पहिला पंजा पुढे उभ्या असलेल्या पोराला. कोकणात माणसं जखमी होतात ती बऱ्याचदा अशा वेळी.

विहिरीचंही तसंच. बागेतल्या, मळ्यातल्या चिऱ्याच्या विहिरी जमिनीलगत उघड्या. रात्री कुत्र्यामागे नाहीतर उदमांजरामागे धावताना सरळ आत. पोहता येतं, पण चिऱ्याच्या उभ्या भिंतीला पकड नाही. अशा वेळी दोरीने बाज नाहीतर जाड फळी सोडा, तो त्यावर चढून बसतो. मग सावकाश पिंजरा उतरवता येतो. शिडी तुमच्या मनाने सोडू नका, तो चढून वर येतो आणि वर तुम्ही असता.

आणि कायद्याचं: फासकी लावणं ही शिकारच धरली जाते. पहिल्या अनुसूचीतला प्राणी असेल तर ३ ते ७ वर्षं कैद. ‘डुकरासाठी होती’ हा बचाव होत नाही. डुकराचा त्रास खरा आहे, त्यासाठी वनक्षेत्रपालांकडे रीतसर परवानगी मागायची सोय आहे. ती किती जण मागतात?

बाबल्या:
डाक्टरानू, परवानगी गावासर भात डुकराच्या पोटात जाता. तरी फासकी वायट, ह्या मान्य.

निशाचर:
आमच्याकडे काळा बिबट्या दिसलाय. काळा म्हणजे एकदम काळा. व्हॉट्सॲपवर लोकांनी त्याला दक्षिण अमेरिकेतला जग्वार करून टाकलंय.

गोठ्यातला_डॉक्टर:
आपलाच बिबट्या आहे, फक्त रंगद्रव्य जास्त. उन्हात नीट पाहिलं तर ठिपकेही दिसतात. कोकण-सह्याद्रीच्या दाट, ओल्या रानात अधूनमधून दिसतो. पण कृपा करून जागा लिहू नका इथे, उद्या दुर्बिणी घेऊन गाड्या येतील.

दोडामार्गची:
सगळी चर्चा बिबट्यावर चाललीय, आमच्याकडे तर पट्टेरी वाघसुद्धा आहे. गोवा, कर्नाटक आणि वरचा सह्याद्री यांना जोडणारा पट्टा आमच्या सावंतवाडी-दोडामार्गातून जातो. वाघ, कोळसुंदे (रानकुत्रे), वर हत्ती. तिलारीला २०२० मध्ये संवर्धन राखीव क्षेत्र झालं, पण ते साडेएकोणतीस चौरस किलोमीटर. एका पट्टेरी नरालाही एवढ्यात भागत नाही. उरलेला वावर खाजगी रानातून, आणि ती रानं तोडून रबर नि अननस लागतोय. उच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये इथली गावं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित करायला सांगितली, तेव्हा गावात आनंद कमी आणि धास्ती जास्त होती. ‘आता घराची कौलंपण बदलायला देणार नाहीत’ अशा अफवा. समजावून सांगायला कोणीच आलं नाही.

आणि शेवंताताई म्हणाल्या त्याला पुरावा हवा असेल तर सीमेपलीकडे बघा. जानेवारी २०२० मध्ये गोव्यातल्या सत्तरीत, गोळावलीला, चार वाघ मेले. मादी आणि तिची तीन पिल्लं. गुरं मारली गेली होती, मग मेलेल्या जनावरात विष घातलं गेलं. ते तर म्हादई अभयारण्याच्या आत घडलं. रेषेच्या आत असून वाघ वाचले नाहीत. ज्याचं गुरू मेलं त्याच्यापर्यंत वेळेवर कोणी पोचलं असतं तर कदाचित वाचले असते.

शेवंता:
अगदी. आमच्या आजीचं सांगते. ती वाघजाईला नारळ ठेवायची आणि तरी संध्याकाळी शेळ्या मोजून आत घ्यायची. पालघर-ठाण्याकडे वारली लोकांच्या वाघोबाच्या ठाण्यांचा अभ्यास झालाय, दीडशेच्या आसपास ठाणी नोंदली गेलीत. त्यांचंही तसंच आहे. देव मानतात म्हणून कोणी गाफील राहत नाही. नुसतं ‘आपली संस्कृती सहजीवनाची’ असं भाषण ठोकलं की मला चीड येते. सहजीवनात रोजचं काम असतं आणि ते बहुतेक बायका करतात.

चाकरमानी_डोंबिवली:
हायवेचं कोणी बोललं नाही. चौपदरीकरणानंतर गाड्या ज्या वेगाने जातात, त्यात रात्री काहीही आडवं आलं तर संपलंच. मी स्वतः पहाटे संगमेश्वरच्या पुढे मेलेला बिबट्या पाहिलाय. लोक सेल्फी काढत होते.

कातळकर:
पेंचला राष्ट्रीय महामार्ग ४४ वर प्राण्यांसाठी खालून वाटा ठेवल्या, तिथून हरणं, रानकुत्रे, पट्टेरी वाघसुद्धा जाताना कॅमेऱ्यात आलेत. ते व्याघ्र प्रकल्पाच्या शेजारी होतं आणि लोक कोर्टात गेले म्हणून झालं. आपल्याकडे ‘इथे जंगलच नाही’ म्हणून कागदावर प्रश्नच उभा राहत नाही. निदान पावसाच्या पाण्याच्या मोऱ्या आहेत त्या मोठ्या आणि कोरड्या काठाच्या केल्या आणि त्यात डेब्रिज टाकलं नाही तरी पुष्कळ. पऱ्याच्या कडेने चालायची बिबट्याला सवय असतेच.

तटस्थ:
ठीक आहे, पिंजरा नको हे घटकाभर मान्य. पण मग माणूस मारणारा निघाला तर? तेव्हाही ‘तो इथलाच’ म्हणणार का?

गोठ्यातला_डॉक्टर:
नाही. माणसाला भक्ष्य समजून वारंवार हल्ला करणारा असेल तर तो काढावाच लागतो, आणि कायद्यात ती तरतूद आहे. पण नेमका तोच काढला पाहिजे. पिंजऱ्यात बकरी बांधली की आधी येतो तो जवळ राहणारा, बहुतेक वेळा निरुपद्रवी. तो गेला की लोकांना वाटतं काम झालं.

तटस्थ:
हे उत्तर पटलं. बाकीच्यावर माझं मत अजून तिथेच आहे. खर्च कोणाच्या खिशातून?

शेवंता:
दहा शेळ्यांच्या शेडला रोजगार हमीतून, शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेखाली, जवळपास ४९ हजार मिळतात. आमच्याकडे दोघींनी घेतली. आराखड्यात छताखाली जाळी लिहून घ्यायची, ती आपोआप येत नाही. विहिरींच्या कठड्यांना पैसे मात्र ग्रामपंचायतीला शोधावे लागतील. गीरच्या आसपास सिंह पडू नयेत म्हणून गुजरातने हजारो विहिरींना कठडे बांधून दिले. तिकडचे सिंहही शेतांतूनच फिरतात. आपल्या आमदारांना हे कोणी तरी दाखवा.

कातळकर:
पुढच्या ग्रामसभेसाठी मसुदा केलाय, सुधारणा सुचवा: ‘गावातील सर्व उघड्या विहिरींची यादी करून कठडे बांधावेत. चिकन-मच्छीचा कचरा टाकणाऱ्यास दंड करावा. मोकाट कुत्र्यांच्या नसबंदीसाठी तरतूद करावी. शेळीपालकांचे शेडचे अर्ज पंचायतीने भरून द्यावेत. फासकी लावणाऱ्यास गावाने पाठीशी घालू नये.’ शेवटच्या वाक्यावर मारामारी होणार हे माहीत आहे. लावणाऱ्यांतले दोघे सदस्य आहेत.

शेवंता:
पंचनाम्याला वनरक्षक किती तासांत येईल, तेही लिहून मागा. आणि ठराव सकाळच्या सभेत घ्या. संध्याकाळी ठेवलात तर बायका येणार नाहीत, शेळ्या आत घ्यायच्या असतात.

बाबल्या:
माजो अर्ज कोण भरतलो? आणि जाळी खंयची घेवची? बाजारात कोंबडयेची जाळी गावता ती स्वस्त पडता.

गोठ्यातला_डॉक्टर:
कोंबड्यांची नको, ती एका पंजात फाटते. जाड तारेची वेल्डमेश घ्या, भिंतीच्या माथ्यावरून कौलांच्या खालून पूर्ण आडवी मारा आणि चारी बाजूंनी लोखंडी पट्टीत आवळून बसवा. कोपऱ्यात हात जाईल एवढी फट राहिली तरी तो तिथूनच सुरुवात करतो. दाराखाली उंबरा पक्का करा. नवीन कुत्रा आणलात तर रात्री तोही आतच. अर्जाचं शेवंताताईंना विचारा, त्या करून देतील.

शेवंता:
देईन. सातबारा, जॉबकार्ड आणि पासबुकाचे फोटो पाठवून ठेवा, बाबल्या.